कोलोराडोत पहिली एल्क: रायफल, रीलोडिंग आणि मधले सगळे फॉर्म

२०२४ च्या दुसऱ्या रायफल सीझनला मी कोलोराडोत माझी पहिली एल्क मारली, आणि ती सुद्धा घरी स्वतःच्या हातानं भरलेल्या काडतुसानं, यालाच रीलोडिंग म्हणतात. सुरुवात ऑक्टोबर २०२३ मध्ये केली होती म्हणजे सगळं मिळून वर्षभराचं काम. इथे राहणारे बरेच मराठी लोक विचारतात की आपल्याला हे चालतं का, कुठून सुरू करायचं, खर्च किती, म्हणून जसं घडलं तसं क्रमानं लिहितोय.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. आमच्या कोकणातल्या घरी आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक होती, ती निवडणूक आली की पोलिस स्टेशनात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची, एवढाच माझा बंदुकीशी संबंध. इथली गोष्ट वेगळी आहे. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातला मोठा प्राणी, कोलोराडोत त्यांची संख्या अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त आहे आणि किती मारायचे, नर की मादी, कुठल्या भागात, कुठल्या आठवड्यात हे सगळं राज्याचं वन्यजीव खातं म्हणजे कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ ठरवतं. लायसन्सच्या पैशातून त्यांचं बरंचसं काम चालतं. मला हे पटलं आणि वर्षभर घरात जे मटण शिजतं ते कुठून आलं हे आपल्याला माहीत असावं असंही वाटत होतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे तिकडे दुकानात मिळत नाही का?" मी म्हटलं मिळतं गं, पण ते कसं वाढलं, कसं मेलं ते मला कळत नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मग नीट शिकून कर.

पहिली गोष्ट व्हिसा. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे त्यामुळे रायफल विकत घ्यायला अडचण नव्हती. पण एच-वन-बी किंवा तसल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं बंदूकच काय, काडतूस सुद्धा जवळ ठेवता येत नाही. त्याला काही अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे आधी लायसन्स, मग रायफल, हा क्रम उलटा करायचाच नाही, आणि लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला. माझ्या ऑफिसमधला एक मित्र एच-वनवर आहे, त्याला मी सांगितलं की आधी इमिग्रेशनच्या वकिलाला शंभर-दोनशे डॉलर दे आणि लेखी उत्तर घे. यात चूक झाली तर फक्त दंडावर भागत नाही, पुढचं ग्रीन कार्ड अडकतं. आणि दुसरं, कोलोराडोत गांजा राज्याच्या कायद्यानं चालतो पण फेडरल कायद्यानं नाही, आणि बंदूक खरेदीच्या फॉर्मवर तो प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो. तुम्ही घेत असाल तर या वाटेला जाऊच नका.

जानेवारी २०२४ मध्ये हंटर एज्युकेशनचा कोर्स केला. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोराडोत लायसन्स घेण्याआधी हा लागतोच. ऑनलाइनचा पर्याय होता पण मी मुद्दाम वर्गात बसून केला. फी अगदी नाममात्र. माझ्या बाजूला दहा-बारा वर्षांची मुलं होती आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती होती, त्यांच्याकडून बरंच शिकलो. नळी कायम सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर, निशाण्याच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय गोळी नाही, कुंपण ओलांडताना रायफल रिकामी, हे सगळं इतक्या वेळा करून घेतात की हाताला सवय लागते. शेवटी लेखी परीक्षा झाली आणि एक कार्ड मिळालं, त्याचा नंबर आयुष्यभर चालतो, फोटो काढून ठेवा.

याच वर्गात एक रिटायर्ड गृहस्थ शिकवायला होते, फोर्ट कॉलिन्समध्ये आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात, चाळीसेक वर्षं रीलोडिंग करतायत. मी त्यांना लाँग रेंजबद्दल विचारलं, हजार यार्डांचे व्हिडिओ बघून डोकं भरलेलं होतं. ते म्हणाले, रायफल किती लांब मारते हा प्रश्न सोड, थंडीत, दम लागलेला असताना, वाऱ्यात, पहिलीच गोळी तू फूटभर जागेत किती अंतरावरून टाकू शकतोस ते शोध. एल्कच्या हृदय-फुप्फुसाची जागा साधारण तेवढीच असते. पुढचे नऊ महिने मी खरं म्हणजे याच एका आकड्याच्या मागे होतो.

रायफल मार्चमध्ये घेतली. टिक्का कंपनीची टी-थ्री-एक्स, ६.५ क्रीडमूर नावाच्या काडतुसाची. एल्कसाठी सेव्हन एमएम मॅग्नम किंवा थ्री हंड्रेड विन मॅग अशी जास्त जोराची काडतुसं बरी असं म्हणणारे खूप आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण नवशिक्याला जोरदार धक्का बसला की तो डोळे मिटून ट्रिगर ओढायला लागतो आणि ती सवय मग जात नाही. क्रीडमूरचा धक्का मवाळ, २००७ मध्ये हॉर्नाडीनं मुळात टार्गेट शूटिंगसाठी काढलेलं काडतूस, ब्रास (काडतुसाची पितळी केस) आणि बुलेट्स (तिच्या तोंडाशी बसणारी गोळी) सगळीकडे मिळतात. कोलोराडोचा नियम एल्कसाठी कमीत कमी .२४ कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात) आणि ८५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप) बुलेट असा आहे, त्यात हे आरामात बसतं. रायफल साडेआठशे डॉलरच्या आसपास, स्कोप म्हणजे वरची दुर्बीण मात्र तेवढ्याच किमतीची घेतली, कारण स्कोपचे टरेट (नेम वर-खाली करायच्या चकत्या) फिरवून परत शून्यावर आणल्यावर शून्य तिथेच सापडलं पाहिजे, नाहीतर बाकी सगळी मेहनत वाया.

दुकानात फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म, भरायचा असतो. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता आत्ता राहता तोच हवा, आमचं घर बदललेलं होतं म्हणून मी आधीच नवीन कार्ड मागवलं होतं. ग्रीन कार्डवाल्यांना नागरिकत्वाचा देश आणि कार्डावरचा यूएससीआयएस (इमिग्रेशन खात्याचा) नंबर लिहावा लागतो, कार्ड घरी ठेवून जाऊ नका. मग कोलोराडो ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशनकडून चौकशी होते. माझं उत्तर लगेच आलं नाही, "डिलेड" आलं, पोटात गोळा आला, पण दुकानदार म्हणाला की बाहेर जन्मलेल्यांचं बऱ्याचदा असं होतं. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. तरी रायफल हातात नाही, कारण ऑक्टोबर २०२३ पासून राज्यात किमान तीन दिवस थांबण्याचा कायदा आहे. म्हणजे दुकानाच्या दोन चकरा धरूनच चाला. घरात लहान मूल असेल तर बंदूक कुलपात ठेवणं इथे कायद्यानं बंधनकारक आहे. आमची मुलगी सात वर्षांची आहे, तिजोरी रायफलीच्या आधी घरात आली.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी ड्रॉची, म्हणजे लायसन्ससाठीच्या सोडतीच्या अर्जाची, शेवटची तारीख असते, २०२४ ला २ एप्रिल होती, रात्री ८ पर्यंत. हे नीट समजून घ्या कारण इथेच बरेच लोक अडकतात. राज्याचे तुकडे पाडलेत, त्यांना युनिट म्हणतात, आणि प्रत्येक युनिट, सीझन, नर-मादी यांचा मिळून एक हंट कोड असतो. मोठ्या शिंगांच्या नराचे टॅग (टॅग म्हणजे एक जनावर मारायचं लायसन्स) काही युनिटमध्ये वर्षानुवर्षं प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे नंबर न लागलेल्या अर्जांचे गुण, साठवल्याशिवाय मिळत नाहीत. मला शिंगं नको होती, मटण हवं होतं, म्हणून मादीचा टॅग मागितला. मीकर गावाच्या भागात, जिथे व्हाइट रिव्हरचा राज्यातला सगळ्यात मोठा कळप आहे, तिथे पॉइंट नसतानाही मादीचा टॅग मिळायची चांगली शक्यता असते, मागच्या वर्षीचे ड्रॉचे आकडे खात्याच्या वेबसाइटवर असतात ते बघून ठरवलं. अर्जाला थोडी फी, शिवाय हॅबिटॅट स्टॅम्प (वन्यजीवांच्या अधिवासासाठीची फी) साधारण बारा डॉलर, आणि टॅग लागला की रहिवाशांना एल्कचं लायसन्स २०२४ ला साठ-पासष्टच्या आसपास होतं. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला कित्येक पट जास्त. रहिवासी धरायला सलग सहा महिने राज्यात राहिलेलं लागतं. निकालाची वाट बघण्यात मे महिना गेला, आणि शेवटी ईमेल आला की टॅग लागला.

आता रीलोडिंग. एप्रिल ते जुलै मी बाकी संध्याकाळी काहीच केलं नाही असं बायको म्हणते आणि ते खरं आहे. सामान सेकंड हँड आणि नवीन मिसळून सहाशे डॉलरपर्यंत गेलं: सिंगल स्टेज प्रेस, डाय सेट (ब्रासला आकार देणारे साचे), तराजू, कॅलिपर, ट्रिमर, हातात धरून प्रायमर (बुडाशी बसणारी, ठिणगी पाडणारी टिकली) बसवायचं साधन, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची मॅन्युअल. मॅन्युअल आधी घ्या, प्रेस नंतर. पावडर आणि प्रायमर शक्यतो गावातल्या दुकानातून घ्या, ऑनलाइन मागवलं तर वर हॅझमॅटचा म्हणजे धोकादायक मालाचा चार्ज लागतो आणि थोडं मागवलं तर तोच मालापेक्षा जड होतो. भाड्याच्या घरात असाल तर लीज आणि गावातल्या फायर विभागाचे नियम वाचा. पावडर तिच्या मूळ डब्यातच राहते, दुसऱ्या बरणीत कधीही ओतायची नाही.

बुलेट तांब्याची घेतली, बार्न्सची १२७ ग्रेनची. शिशाच्या बुलेटचे बारीक कण मटणात पसरतात आणि ताटात मुलगी पण जेवणार, म्हणून हा निर्णय बायकोनं घेतला आणि मला तो लगेच पटला. पण तांब्याच्या बुलेटला आपटताना पुरेसा वेग लागतो, नाहीतर ती उमलत नाही आणि सरळ आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळतं. म्हणजे अंतराची एक मर्यादा बुलेटनंच घालून दिली.

काम असं चालतं. वापरलेली ब्रास आधी तपासायची, कुठे तडा, तळाशी चमकदार रेघ दिसली तर ती फेकायची. मग थोडंसं वंगण लावून साइझिंग डायमधून काढायची, जुना प्रायमर त्याच वेळी निघतो. लांबी मोजायची, क्रीडमूरची जास्तीत जास्त १.९२० इंच, वर गेली तर ट्रिम करायची आणि तोंडाची धार मारायची. नवीन प्रायमर अंगठ्याच्या दाबानं बसतो, बसल्याचं हाताला कळतं, बोट फिरवून बघायचं की तो तळापेक्षा किंचित आत आहे. मग पावडर. एक पौंडात ७००० ग्रेन असतात आणि आपण दशांश ग्रेनपर्यंत मोजतो, म्हणजे शेवटी चिमटीतून एकेक दाणा तराजूत पडतो, आकडा बदलेपर्यंत श्वास सुद्धा हळू घ्यायचा कारण फुंकरीनं तराजू हलतो. पंखा बंद, फोन दुसऱ्या खोलीत. टेबलावर एका वेळी एकाच पावडरचा डबा. सगळ्या केस भरून ब्लॉकमध्ये उभ्या केल्या की बुलेट बसवायच्या आधी टॉर्च मारून प्रत्येकीत डोकावायचं, पातळी सारखी दिसली पाहिजे. एखादी रिकामी राहिली तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर बुलेट नळीत अडकते, आणि त्यामागून दुसरी गोळी मारली तर नळी फुटते. मी हे टॉर्चचं काम प्रत्येक वेळी दोनदा करतो.

पावडरचे आकडे मी इथे मुद्दाम देत नाही आणि कुणी दुसऱ्यानं लिहिलेले पण वापरू नका. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासून सुरू करायचं, थोडं थोडं वाढवत जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर बघायचं. प्रायमर चपटा व्हायला लागला, बोल्ट उचलायला जड लागला, केसच्या बुडावर चकचकीत डाग आला की तिथेच थांबून मागे यायचं, मग मॅन्युअलमधला जास्तीत जास्त आकडा अजून लांब असला तरी. माझ्या रायफलीला जो लोड (पावडरचं माप) आवडला तो त्या जास्तीत जास्त आकड्यापेक्षा बराच खाली होता, वेग थोडा कमी पण प्रत्येक गोळीचा वेग जवळपास सारखा. शेजारच्या त्या रिटायर्ड गृहस्थांचा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) वापरला, वेगातला फरक कळला की लांबच्या गोळ्या वरखाली का पडतात ते उलगडतं.

पैसे वाचतात का? चांगल्या तांब्याच्या फॅक्टरी काडतुसांचा २० चा डबा ५० ते ६० डॉलरला पडतो, घरी भरलेलं अंदाजे निम्म्यात, ब्रास परत वापरायची धरून. पण सामानाचे पैसे सुटायला काही वर्षं जातील. मी पैशासाठी करत नाही. स्वतः भरलेल्या काडतुसात काय आहे हे दाण्यापर्यंत माहीत असतं, त्यामुळे गोळी बाजूला गेली की दोष कुणाचा हे शोधता येतं आणि बहुतेक वेळा तो हाताचा किंवा वाऱ्याचा निघतो.

उन्हाळाभर क्लबच्या रेंजवर. सरकारी जंगलात नेम साधायला जाता येतं पण जुलै-ऑगस्टमध्ये वणव्याचे निर्बंध लागले की ते बंद होतं, त्यामुळे क्लबची मेंबरशिप वसंतातच घ्या, वेटिंग असते. बेंचवर वाळूच्या पिशव्यांवर १०० यार्डांला इंचाच्या आत गोळ्या पडायला लागल्या की वाटतं झालं. मग जमिनीवर झोपून, मग मांडी घालून, मग पाठीवरची सॅक टेकून मारा, ग्रुप म्हणजे गोळ्यांचा पसारा दुप्पट-तिप्पट होतो. ६०० यार्डांवर स्टीलची घंटा वाजवली तेव्हा खूप भारी वाटलं, पण तिथे ताशी १० मैलांचा आडवा वारा गोळीला दोन फुटांच्या आसपास ढकलतो, आणि दरीच्या पलीकडे वारा किती आहे हे इकडून फक्त गवत बघून ओळखायचं असतं. गोळी पोचायला पाऊण सेकंद लागतो, तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं. ३०० ला तोच वारा वीतभर पण हलवत नाही. टेकडी पळत चढून, धाप लागलेली असताना, पहिली गोळी, एवढीच परीक्षा मी परत परत घेतली आणि माझा आकडा ३०० यार्ड ठरला. तो कागदावर लिहून रायफलीच्या दस्त्यावर चिकटवला.

२६ ऑक्टोबरला सीझन उघडला, नऊ दिवसांचा. फोर्ट कॉलिन्सहून कॅमेरॉन पास (घाट), वॉल्डन, स्टीमबोट, क्रेग करत मीकर, पाच तास, पासवर बर्फ असू शकतो म्हणून टायर बघून निघा. वॉल्डनच्या भागात मूस (हरणाच्या कुळातला आणखी मोठा प्राणी) खूप, आणि एल्कची मादी समजून मूस मारण्याचे प्रकार दरवर्षी होतात, दोघांची डोकी आणि रंग आधी नीट ओळखायला शिका. अंगावर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कपडा आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी सक्तीची. सोबत ते गृहस्थ होते, त्यांच्याकडे टॅग नव्हता, फक्त माझ्यासाठी आले होते.

सुरुवातीचे दिवस नुसतं चालणं. नऊ-साडेनऊ हजार फुटांवर दहा पावलांत दम लागतो. एका संध्याकाळी समोरच्या उतारावर कळप निघाला, रेंजफाइंडरनं ४८० यार्ड दाखवले, माद्या आडव्या उभ्या, निवांत चरत होत्या. स्कोपमध्ये टरेट फिरवायला दोन सेकंद लागले असते आणि रेंजवर त्या अंतराला मी बऱ्याचदा मारलंय. मी रायफल खाली ठेवली. जवळ जायला उजेड उरला नव्हता. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, रात्री झोप नाही आली, पण त्या उतारावर वारा एका बाजूनं झाडं हलवत होता आणि दुसऱ्या बाजूला शांत होता, आणि तिथे माझी गोळी कुठे पडेल हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतो.

मग बर्फ पडला आणि कळप खाली सरकले. सकाळी आम्ही वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनं ऍस्पनच्या झाडीतून सरकत गेलो, २१० यार्डांवर एक मादी, बरोबर पिल्लू नाही, मागे मातीचा चढ. सॅकवर रायफल टेकली, श्वास अर्धा सोडला. ती चाळीसेक पावलं गेली आणि पडली. जवळ गेल्यावर माझे हात थरथरत होते. मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि मनात जे आलं ते बोललो, आमच्याकडे शेतात पहिलं कणीस कापताना आजी जसं म्हणायची तसंच काहीसं.

लगेच टॅगवर सही, तारीख, मगच बाकी काम. मांस वेगळं करताना मादी असल्याचा पुरावा एखाद्या तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, वाटेत वॉर्डन तपासतात. चार पाय, पाठीचे पट्टे, मानेचं मांस, सगळं कापडी पिशव्यांत भरून सॅकवर वाहायचं, दोघांचा पूर्ण दिवस गेला. सुऱ्या दोन न्या आणि धार लावायचा दगड न्या, आणि गुडघ्यांना सवय नसेल तर ऑगस्टपासून ओझं घेऊन चालायला लागा.

नंतर डोक्याची सीडब्ल्यूडी तपासणी करून घ्या, हा हरणांच्या मेंदूचा रोग आहे. माणसाला झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, पण टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मांस खाऊ नये असं सीडीसी, म्हणजे अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, सांगते. काही हंट कोडना तपासणी सक्तीची आणि फुकट असते, बाकीच्यांना २५ डॉलर. निकाल येईपर्यंत मी सगळे पॅकेट तारीख घालून वेगळ्या कप्प्यात ठेवले. दोनेक आठवड्यांनी निगेटिव्ह आला आणि त्या रविवारी खिमा केला. मांसाला चरबी जवळजवळ नसते, तेल थोडं जास्त लागतं, आणि मालवणी मसाला छान लागतो. मांडीचे मोठे तुकडे मात्र कुकरमध्ये निवांत शिजवा.

सगळा खर्च रायफल, स्कोप, तिजोरी, रीलोडिंग, क्लब, लायसन्स, पेट्रोल धरून तीन हजार डॉलरच्या थोडा वर गेला, त्यातला बराचसा एकदाच होणारा. एप्रिल २०२५ पासून राज्यात बंदूक आणि काडतुसांवर ६.५ टक्के वेगळा कर सुरू झालाय, तो तुमच्या हिशोबात धरा. पुढच्या सीझनसाठी सुरू करायचं असेल तर हंटर एज्युकेशनच्या तारखा डिसेंबर-जानेवारीतच बघा, मार्चमध्ये ड्रॉच्या आधी सगळे धावतात आणि वर्ग भरून जातात.